ग्रीक पुराणकथांतील केतोस : शब्द, चित्र व अस्थि

(१) विषयाचें प्रयोजन

जुन्या वस्तु व जुने कागद जमविणारांपुढें एक अडचण वारंवार उभी राहते. वस्तु खरी असते, तिच्याबरोबर येणारी कथाहि जुनी असते, परंतु त्या दोहोंची गांठ केव्हां व कोणीं घातली याचा पत्ता लागत नाहीं. तलवारीबरोबर एखाद्या वीराचें नांव येतें, पादुकांबरोबर एखाद्या संताचें. वस्तूचें वय ठरलें म्हणजे कथेचें वय ठरलें, आणि कथा जुनी ठरली म्हणजे वस्तु तिचीच ठरली, असा उलटसुलट आधार दोहोंनाहि दिला जातो. अशा प्रकरणाची छाननी कशी करावी, याचें एक नमुनेदार उदाहरण ग्रीक पुराणकथांत आहे. तें म्हणजे ‘केतोस’ नांवाच्या सागरी राक्षसाचें. ह्या राक्षसाचीं हाडें म्हणून कांहीं प्रचंड अस्थि इ. स. पूर्वीं ५८ या वर्षीं रोमांत प्रदर्शनास मांडल्या गेल्या, आणि तशाच अस्थि त्यानंतर सुमारें शंभर वर्षांनीं मूळ ठिकाणींच दाखविल्या जात असल्याचें दुसरा एक ग्रंथकार सांगतो. ह्या विरोधाचा उलगडा करावयाचा तर शब्द, चित्र, स्थल व अस्थि या चार गोष्टींचा मागोवा निरनिराळा घ्यावा लागतो. प्रस्तुत लेखांत तोच क्रम ठेविला आहे.

(२) दोन कथा

केतोसाच्या मुख्य कथा दोन. पहिली ट्रॉयची. तेथील राजा लाओमेडन याच्या नगराचा तट पोसायडन व अपोलो या देवांनीं बांधून दिला. राजानें ठरलेली मजुरी बुडविली. तेव्हां अपोलोनें नगरांत सांथ पाठविली व पोसायडननें समुद्रांतून केतोस. त्याच्या शांत्यर्थ राजकन्या हेसिओनी हिला किनाऱ्यावर बांधून ठेवावें लागलें. हेराक्लीसानें त्या जनावरास मारून तिला सोडविलें, परंतु लाओमेडननें त्यालाहि कबूल केलेले घोडे दिले नाहींत.

दुसरी कथा अधिक प्रसिद्ध. सीफियस राजाची राणी कॅसिओपिया हिनें आपण सागरकन्यांहून अधिक सुंदर आहों अशी बढाई मारली. सागरकन्या रागावल्या, त्यांच्या वतीनें पोसायडननें देशावर पूर व केतोस सोडला. अम्मोन देवाच्या कौलाप्रमाणें राजकन्या अँड्रोमेडा हिला खडकास बांधण्यांत आलें. मेड्यूसेचें शिर कापून परत येत असलेल्या पर्सियसानें तिला पाहिलें, केतोसाचा वध केला व तिच्याशीं लग्न लाविलें. अपोलोडोरसाच्या नांवावर असलेल्या पुराणसंग्रहांत दोन्ही कथा आल्या आहेत.

दोन्हींचा सांगाडा एक आहे: माणसाचा अपराध, पोसायडनचा कोप, कन्येचा बळी, परक्या वीराचें आगमन. यांपैकीं ट्रॉयच्या कथेचा पुरावा जुना. इलियडच्या विसाव्या सर्गांत होमर एका मातीच्या बांधाचा उल्लेख करतो. केतोस किनाऱ्यावरून मैदानाकडे पाठलाग करूं लागला म्हणजे हेराक्लीसाला आडोसा मिळावा, म्हणून तो बांध ट्रॉयकरांनीं व अथीनीनें रचला होता, असें तो सांगतो. कथा सांगण्याच्या भरीस तो पडत नाहीं. ऐकणारांना ती ठाऊक आहे हें त्यानें गृहीतच धरलें आहे. म्हणजे कथा होमराहून जुनी, आणि तिच्या खुणेचें स्थळ दाखविण्याची चालहि तितकीच जुनी.

(३) शब्द

‘केतोस’ हा शब्द एखाद्या विशिष्ट जनावराचें नांव नव्हे, हें आरंभींच ध्यानांत ठेविलें पाहिजे. इलियडच्या तेराव्या सर्गांत पोसायडनचा रथ समुद्रावरून जात असतां ‘केतेआ’ म्हणजे केतोसांचे थवे त्याच्याखालीं बागडतात. त्यांत भीतीचा लवलेश नाहीं. ओडिसीच्या चौथ्या सर्गांत दुर्गंधी सीलांच्या कातड्याखालीं लपण्याचा प्रसंग आहे, तेथें सीलालाहि हाच शब्द लाविला आहे. बाराव्या सर्गांत स्कायला नांवाची राक्षसी आपल्या गुहेंतून डॉल्फिन, मुशी व त्यांहून मोठा एखादा केतोस पकडते. सारांश, समुद्रांतील कोणताहि मोठा प्राणी तो केतोस. पुढें ॲरिस्टॉटलानें प्राण्यांचें वर्गीकरण करतांना पिलांना जन्म देणाऱ्या व श्वासोच्छ्वास करणाऱ्या देवमाशांच्या व डॉल्फिनच्या वर्गाला याच शब्दावरून नांव दिलें, व आजच्या प्राणिशास्त्रांतील त्या वर्गाचें लॅटिन नांव त्यावरूनच आलें आहे.

हीसिअडनें हा शब्द एका देवतेचें नांव म्हणून दिला आहे. त्याच्या देववंशवर्णनांत केतो ही सागर व भूमि यांची कन्या. फॉर्किसापासून तिला म्हाताऱ्या जन्मलेल्या ग्राया व तिघी गॉर्गन झाल्या. गॉर्गनांपैकींच एक मेड्यूसा. तेव्हां पर्सियसानें प्रथम जिचें शिर कापलें ती केतोची मुलगी, आणि नंतर ज्याला मारलें तो केतोस. पर्सियसाचे दोन पराक्रम एकाच सागरी कुळाविरुद्ध घडले, असा ह्या नांवांचा ध्वनि आहे.

(४) चित्र

चित्रांचा पुरावा ग्रंथांच्या पुराव्याशीं सर्वस्वीं जुळत नाहीं. बर्लिन येथील संग्रहालयांत कॉरिंथ येथें घडविलेला एक दोन कानांचा कलश आहे; तो इटलींतील चेर्वेतेरी येथें सांपडला व त्याचा काळ इ. स. पूर्व सहाव्या शतकाचा दुसरा पाद धरतात. त्यावर पर्सियस, अँड्रोमेडा व केतोस अशीं तीन नांवें चित्रांशेजारीं लिहिलीं आहेत, म्हणून ओळखीविषयीं वाद नाहीं. परंतु ह्या चित्रांत पर्सियसाच्या हातीं तलवार किंवा कोयता नाहीं. तो दोन्ही हातांनीं दगड फेकीत आहे. अँड्रोमेडा बांधलेली नसून त्याच्या मागें मोकळी उभी आहे. केतोसाचें केवळ डोकें दिसतें, आणि तें लांडग्याच्या अगर कुत्र्याच्या जातीचें आहे. खडकाला बांधलेली राजकन्या हें जें चित्र आज सर्वांच्या डोळ्यांपुढें येतें, तें पुढच्या काळांतील नाटकांनीं व चित्रकारांनीं रूढ केलें. युरिपिडीसाचें ‘अँड्रोमेडा’ हें नाटक इ. स. पूर्वीं ४१२ मध्यें अथेन्स येथें झालें. तें आज नष्ट आहे. त्याचे सुटे अंश मात्र उरले आहेत, आणि पुढच्याच वर्षीं ॲरिस्टोफेनीसानें आपल्या एका प्रहसनांत त्याची जी विडंबना केली ती पूर्ण उपलब्ध आहे. मूळ हरवलें व थट्टा उरली, हा अनुभव पोथ्यांच्या अभ्यासकांस नवा नाहीं.

बॉस्टनच्या संग्रहालयांतील दुसरें एक कॉरिंथी पात्र, सुमारें इ. स. पूर्व ५५० चें, ट्रॉयची कथा दाखवितें. हेराक्लीस बाण सोडीत आहे, हेसिओनी दगड फेकीत आहे, आणि काळ्या खडकांतून एक पांढुरकें, मांसहीन दिसणारें डोकें बाहेर आलें आहे. एड्रिएन मेयर या विदुषींनीं इ. स. २००० मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें मत मांडलें कीं, चित्रकारानें येथें कड्यांतून उघडी पडलेली एखाद्या लुप्त प्राण्याची अश्मीभूत कवटी रंगविली असावी. तर्क आकर्षक आहे. ईजियन समुद्राच्या कांठीं असे अश्मीभूत अवशेष विपुल आहेत हेंहि खरें. परंतु एका चित्रावरून सिद्धान्त होत नाहीं. त्या चित्रावरून इतकेंच निश्चित म्हणतां येतें कीं, इ. स. पूर्व सहाव्या शतकापर्यंत केतोसाचें रूप ठरून गेलेलें नव्हतें.

तें रूप पांचव्या शतकानंतर ठरलें: लांब मान, कुत्र्यासारखें अगर मगरीसारखें तोंड, उभारलेले कान, पाठीवर तुरा, पुढें दोन पाय किंवा वल्हीं, मागें वेटोळें घेतलेलें माशाचें शेपूट. एकदां ठरल्यावर हें रूप इतकें टिकलें कीं पुढील हजार वर्षें, भाषा व धर्म बदलूनहि, चित्रकार तेंच काढीत राहिले.

(५) योप्पे येथील खुणा

आतां स्थळाकडे वळूं. कथेंतील सीफियसाचें राज्य इथिओपियांत होतें असा ग्रीकांचा सामान्य समज. हिरोडोटस पर्सियस-अँड्रोमेडेच्या विवाहाचा उल्लेख करतो, त्यांच्या पर्सीस नांवाच्या पुत्रावरून इराणी लोकांस नांव पडलें असेंहि सांगतो. मात्र तेथें राक्षसाचें नांव काढीत नाहीं. इ. स. पूर्व चौथ्या शतकांतील, स्कायलॅक्साच्या नांवावर मोडणाऱ्या किनारावर्णनांत अँड्रोमेडेस बांधल्याचें ठिकाण म्हणून फिनिशियाच्या किनाऱ्यावरील योप्पे बंदर दिलें आहे. योप्पे म्हणजे आजचें याफा. तें १९५० पासून तेल अवीव शहरांत सामील आहे. स्ट्रेबोला हा बदल खटकला होता. इथिओपियाची कथा कांहीं लोक उचलून फिनिशियांत नेतात, अशी नोंद त्यानें आपल्या भूगोलाच्या पहिल्याच भागांत केली आहे.

योप्पेच्या खुणांची नोंद कालानुक्रमानें लाविली असतां एक गोष्ट स्पष्ट दिसते. स्कायलॅक्साच्या नांवावरील ग्रंथांत केवळ स्थळाचें नांव आहे. इ. स. ४३ च्या सुमारास पाँपोनिअस मेला तेथें सीफियस व त्याचा भाऊ फिनियस यांचीं नांवें धारण करणाऱ्या जुन्या वेदी सांगतो, आणि समुद्रांतील श्वापदाचीं प्रचंड हाडें सांगतो. इ. स. ७५ च्या सुमारास जोसीफस खडकावरील बेड्यांच्या खुणा सांगतो. कथेच्या प्राचीनतेचा हा पुरावा होय, असें त्याचें म्हणणें. इ. स. ७७ मध्यें प्लिनीहि बेड्यांच्या खुणा सांगतो. दुसऱ्या शतकांत पॉसेनिअस त्या नगराजवळच्या एका झऱ्याचें रक्तासारखें तांबडें पाणी सांगतो व वधानंतर पर्सियसानें तेथें अंग धुतलें म्हणून तें तसें झालें अशी उपपत्ति देतो. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोम ख्रिस्ती धर्माचा कट्टर अभिमानी असूनहि तोच खडक अजून दाखवितात असें लिहितो. घटना जसजशी दूर जाते तसतशा तिच्या खुणा वाढत जातात. आपल्याकडील क्षेत्रमाहात्म्यें ज्यांनीं चाळलीं आहेत त्यांना ही वाढ ओळखीची वाटेल.

प्लिनीच्या त्याच परिच्छेदांत पाठभेदाचाहि एक प्रश्न आहे. योप्पे येथें ‘कथांत प्रसिद्ध असलेली केतो’ पूजिली जाते, असा त्याच्या ग्रंथांतील पाठ. कित्येक पंडितांस शंका आली कीं मूळ शब्द ‘देर्केतो’ असावा. देर्केतो ही सीरियाच्या किनाऱ्यावरील मत्स्यरूप देवी. तिचें नांव प्लिनी अन्यत्र देतोच. आरंभींचीं अक्षरें गळून ‘केतो’ राहिलें असेल, अथवा योप्पेच्या ग्रीक रहिवाशांनींच देवीच्या नांवाचा हा अपभ्रंश आपल्या कथेस जुळवून घेतला असेल. दुसरा पक्ष खरा असेल तर तो लेखकाचा प्रमाद नव्हे. कथा त्या बंदरास कां चिकटली याचें तें कारणच ठरेल. स्थानिक मत्स्यदेवी, नांवांतील साम्य, आणि बंदराच्या तोंडाशीं जहाजें फोडणारे खडक एवढी सामग्री कथेला मूळ धरण्यास पुरेशी होती. ह्या खडकांची भयंकरता जोसीफसानें सविस्तर वर्णिली आहे. इ. स. ६७ मध्यें रोमन सैन्याच्या भीतीनें समुद्रांत गेलेले योप्पेचे लोक पहांटेच्या वादळांत ह्याच खडकांवर आपटून मेले.

(६) स्कॉरसानें आणलेलीं हाडें

मार्कस स्कॉरस हा रोमन सरदार पाँपीच्या हाताखालीं सीरिया व ज्यूडिया या प्रांतांत अधिकारी होता. इ. स. पूर्वीं ५८ मध्यें तो रोम येथें ईडाइल, म्हणजे नगरोत्सवांचा अधिकारी झाला. त्या वर्षीं त्यानें जीं नवलें लोकांस दाखविलीं त्यांत योप्पेहून आणलेलीं, अँड्रोमेडेस ज्याच्यापुढें टाकलें त्या श्वापदाचीं हाडें होतीं. प्लिनीनें त्यांचीं मापें दिलीं आहेत: लांबी ४० फूट, बरगड्यांची उंची हिंदी हत्तीहून अधिक, पाठीच्या कण्याची जाडी दीड फूट. रोमन फूट सुमारें २९.६ सेंटिमीटर. त्या हिशेबानें लांबी सुमारें ११.८ मीटर व कण्याची जाडी सुमारें ४४ सेंटिमीटर होते.

मापें काल्पनिक वाटत नाहींत. राक्षस मोठा करावयाचा असता तर कवीनें चाळीस फुटांवर समाधान मानलें नसतें. भूमध्य समुद्रांत स्पर्म व फिन या दोन जातींचे देवमासे आजहि आहेत, आणि अकरा-बारा मीटरांची लांबी त्यांस साजेशी आहे. हत्तीहून उंच बरगड्या मात्र एवढ्या प्राण्यास अधिक होतात. हाडें उभीं करून मांडलेल्या सबंध सांगाड्याची ती उंची असावी, किंवा प्रेक्षकांच्या तोंडीं ती वाढली असावी. जुन्या काळीं ह्या समुद्रांत देवमाशांच्या आणखीहि जाती येत होत्या. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीजवळच्या रोमनकालीन मासे खारविण्याच्या ठिकाणीं सांपडलेल्या हाडांवरून, राइट व ग्रे या जातींचे देवमासे तेथें येत होते, असें २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखविलें आहे. तेव्हां योप्पेच्या किनाऱ्यास लागलेल्या एखाद्या देवमाशाचीं हीं हाडें होतीं, असा निर्णय बहुतांशीं मान्य होण्यासारखा आहे.

परंतु हीं हाडें पुराव्यास कितपत चालतील? येथें आणणाराचें चरित्र पाहिलें पाहिजे. स्कॉरसानें त्याच वर्षीं एक तात्पुरतें नाट्यगृह उभारलें. त्याला ३६० खांब व ३००० ब्राँझचे पुतळे होते असें प्लिनी म्हणतो. पाणघोडा व पांच सुसरी रोमांत प्रथम त्यानेंच दाखविल्या. मतदारांचे डोळे दिपविण्याचा हा सारा खटाटोप. हाडें योप्पेहून आलीं ही गोष्ट आणणाराच्या शब्दावर अवलंबून, व तीं केतोसाचीं ही गोष्ट विकणाराच्या अगर दाखविणाराच्या शब्दावर. संग्राहकानें ज्या दोन व्यक्तींच्या साक्षीवर सर्वांत कमी विसंबावें त्या ह्याच.

आतां मुख्य विरोध. हाडें इ. स. पूर्वीं ५८ मध्यें रोमास गेलीं, तर सुमारें शंभर वर्षांनंतर मेला तीं योप्पे येथें दाखवितात असें वर्तमानकाळांत कसें लिहितो? पक्ष तीन संभवतात. एक, मेलानें स्कॉरसाच्या पूर्वीच्या एखाद्या ग्रंथांतून मजकूर उचलला व काळ बदलण्याची तसदी घेतली नाहीं. दोन, स्कॉरसानें सारीं हाडें नेलीं नाहींत. तीन, जुनीं गेल्यावर योप्पेकरांनीं नवीं मिळविलीं. देवमासे किनाऱ्यास लागणें थांबलें नव्हतें, आणि यात्रेकरूहि थांबले नव्हते.

मेलाच्या पोथीकडे बोट दाखवून हा विरोध मिटत नाहीं. त्याच्या उपलब्ध साऱ्या पोथ्या व्हॅटिकन येथील नवव्या शतकांतील एकाच हस्तलिखितापासून निघाल्या आहेत, म्हणून ताडून पाहण्यास स्वतंत्र शाखा नाहीं हें खरें. तथापि वेदी, कथा, हाडें असा वाक्याचा ओघ सलग आहे. मध्यें कोणी भर घातल्याचें चिन्ह नाहीं. शिवाय मेला हा स्वतः फिरून लिहिणारा नव्हता. त्याचा ग्रंथ लहान, व तो बव्हंशीं जुन्या भूगोलांवरून संकलित आहे. त्याच्यानंतरच्या जोसीफसाला योप्पेची माहिती जवळून होती. तो बेड्यांच्या खुणा सांगतो, पण हाडांविषयीं मौन पाळतो. हें मौन मला महत्त्वाचें वाटतें. कथेच्या प्राचीनतेचा पुरावा शोधणारा लेखक खडकावरच्या अस्पष्ट खुणा सांगेल आणि समोर पडलेला प्रचंड सांगाडा वगळील, हें संभवत नाहीं. यास्तव पहिला पक्षच सर्वांत सयुक्तिक दिसतो. तो मान्य केल्यास मेलाचा मजकूर इ. स. पूर्वीं ५८ च्या आधींचा ठरतो, आणि तशा स्थितींत स्कॉरसाला त्याच्या प्रतिष्ठेपुरती एक गोष्ट परत द्यावी लागते: हाडें त्यानें बनविलीं नाहींत, योप्पे येथें तीं खरोखरच दाखविलीं जात होतीं. ज्या दोन साक्षी परस्परविरोधी दिसत होत्या, त्या काळाचा क्रम लाविल्यावर एकमेकींस आधार देतात.

(७) कथेचें ‘खरें रूप’ सांगणारे

कथेवर विश्वास नाहीं व ती टाकवतहि नाहीं, अशा वृत्तीचे ग्रंथकार ग्रीकांतहि होते. पॅलिफेटस म्हणतो कीं ट्रॉयचा केतोस हा वस्तुतः केतोन नांवाचा बलाढ्य राजा. तो किनाऱ्यावरील नगरांकडून खंडणी घेई, व परक्यांच्या तोंडीं त्याचें नांव केतोस झालें. कोनोनाची ग्रंथसंपत्ति नष्ट झाली, पण नवव्या शतकांत बायझँटियमच्या फोशिअसानें केलेला तिचा सारांश शिल्लक आहे. त्यांत योप्पेची कथा अशी: फिनिक्स व फिनियस दोघेहि अँड्रोमेडेस मागणी घालतात, सीफियस फिनिक्साच्या बाजूचा, परंतु भावाच्या भीतीनें अपहरणाचें सोंग रचतो, जहाजाचें नांव केतोस, वाटेंत पर्सियस येऊन तें जहाज बुडवितो.

या उपपत्ति हुशारीच्या आहेत, पण त्यांत पुरावा शून्य आहे. अद्भुत भाग काढून टाकला म्हणजे उरेल तो इतिहास, ही समजूत आपल्याकडील बखरींच्या वाचकांतहि आढळते. अद्भुत वगळून उरलेला भाग केवळ कमी अद्भुत असतो; तो खरा ठरण्यास निराळें साधन लागतें. राजा केतोन व जहाज केतोस यांना ग्रंथकारांच्या कल्पनेपलीकडे आधार नाहीं, तर योप्पेच्या हाडांना निदान मापें तरी आहेत.

(८) योना व केतोस

योप्पे बंदराशीं आणखी एका सागरी प्राण्याची कथा निगडित आहे. हिब्रू धर्मग्रंथांतील योना प्रेषित याच बंदरांतून पळून जाण्यास निघाला, आणि त्याला जनावरानें तीन दिवस पोटांत ठेविलें. हिब्रू मूळांत त्या प्राण्यास ‘मोठा मासा’ म्हटलें आहे. अलेक्झांड्रियाच्या परंपरेंतील ग्रीक भाषांतरानें त्याचा ‘मोठा केतोस’ केला. जेरोमनें लॅटिनमध्यें योनाच्या पुस्तकांत पुन्हां ‘मोठा मासा’ घातला, परंतु मॅथ्यूच्या शुभवर्तमानांत मूळ ग्रीक शब्दास धरून केतोसच ठेविला. त्यामुळें १६११ च्या इंग्रजी भाषांतरांत एका ठिकाणीं मोठा मासा व दुसऱ्या ठिकाणीं देवमासा आला. योनाला देवमाशानें गिळलें ही सर्वतोमुखी गोष्ट म्हणजे अशा रीतीनें एका ग्रीक शब्दाची छाया होय.

चित्रांत तर हा प्रवास डोळ्यांस दिसतो. रोमच्या भूमिगत दफनस्थळांतील भिंतींवर व क्लीव्हलँडच्या संग्रहालयांतील तिसऱ्या शतकाच्या संगमरवरी मूर्तींत योनाला गिळणारा प्राणी पर्सियसाच्या केतोसाहून निराळा नाहीं: तेंच लांडग्याचें तोंड, तीच लांब मान, तेंच वेटोळें.

उलट दिशेनें प्रभाव पडला काय? लायकोफ्रन कवि हेराक्लीस त्या जनावराच्या पोटांत शिरला व तेथील उष्णतेनें त्याचे केस गळले असें कूट भाषेंत सुचवितो; टीकाकार तीन दिवसांचा अवधि सांगतात. इलियडवरील जुन्या टिपणांत हेराक्लीस केतोसाच्या तोंडांत शिरल्याची गोष्ट पांचव्या शतकांतील हेलानिकसाच्या नांवानें दिली आहे. यावरून योनाची कथा ग्रीकांपासून घेतली, किंवा ग्रीकांची योनापासून, असें दोन्ही बाजूंनीं म्हटलें गेलें आहे. सादृश्यावरून ऋण सिद्ध होत नाहीं. एवढेंच म्हणावें कीं योप्पेचा यात्रेकरू चौथ्या शतकांत एकाच खडकाकडे पाहून दोन्ही कथा आठवीत होता.

(९) आकाशांतील केतोस

पर्सियसाच्या कथेंतील सारीं पात्रें आकाशांत गेलीं. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकांत अराटसानें आपल्या खगोलकाव्यांत अँड्रोमेडेपासून दूर, मेष व मीन यांच्या खालीं, केतोसाची जागा सांगितली. दुसऱ्या शतकांत टॉलेमीनें त्याचे २२ तारे मोजले. ह्या काव्याच्या लॅटिन भाषांतराची नवव्या शतकांतील सचित्र प्रत हॉलंडांत लायडन येथें आहे.

पूर्वेकडे टॉलेमीचा ग्रंथ अरबींत गेला. अल्‌-सूफीनें इ. स. ९६४ मध्यें रचलेल्या स्थिर ताऱ्यांच्या ग्रंथांत हा प्राणी ‘कैतुस’ या नांवानें येतो. पुढें दोन पाय व मागें माशाचें शेपूट हें ग्रीक रूप तेथेंहि कायम. त्या ग्रंथाची ऑक्सफर्ड येथील प्रत हिजरी सन ४०० ची, ग्रंथकाराच्या पुत्राच्या हातची, असें तिच्या समाप्तिलेखावरून समजत. तो समाप्तिलेख विश्वसनीय नसून प्रत बाराव्या शतकांतील असावी, असें अलीकडील परीक्षणांत प्रतिपादिलें गेलें आहे. समाप्तिलेखांतील मितीवर डोळे मिटून भरंवसा ठेवणारांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें. सतराव्या शतकांत लाहोर येथें घडविलेल्या पितळी खगोलांवर हाच कैतुस कोरलेला आहे. त्याच्या शेपटीचा तारा आजहि ‘देनेब कैतोस’ म्हणजे कैतुसाचें शेपूट या अरबी नांवानें ओळखला जातो. त्याच्या मानेंतील एक तारा ऑगस्ट १५९६ मध्यें डेव्हिड फाब्रिसिअसानें पाहिला व नंतर तो दिसेनासा झाला. सुमारें ३३२ दिवसांनीं उजळणाऱ्या ह्या रूपविकारी ताऱ्यास हेवेलिअसानें १६६२ मध्यें ‘मीरा’, म्हणजे अद्भुत, हें नांव दिलें.

मराठी ज्योतिषग्रंथांत ह्या तारकासमूहांस महाभारतांतील नांवें दिलेलीं आहेत: अँड्रोमेडा ती देवयानी, पर्सियस तो ययाति, कॅसिओपिया ती शर्मिष्ठा, सीफियस तो वृषपर्वा. निवड मार्मिक आहे. शर्मिष्ठेच्या गर्वामुळें देवयानी विहिरींत पडते व वाटेनें जाणारा ययाति तिला बाहेर काढतो, म्हणजे संकट, गर्व व परक्या वीराचा हात हे तिन्ही दुवे जुळतात. नातें मात्र बदललें: कॅसिओपिया सीफियसाची पत्नी, तर शर्मिष्ठा वृषपर्व्याची कन्या. आणि केतोसाच्या जागीं विहीर आल्यामुळें त्या जनावराला ह्या कथेंत स्थानच उरलें नाहीं. त्याला ‘तिमिंगल’ हें संस्कृत वाङ्मयांतील महामत्स्याचें नांव मिळालें. हीं नांवें आधुनिक योजना आहेत. त्यांवरून ग्रीक व भारतीय कथांचें मूळ एक, असें अनुमान काढणें म्हणजे भाषांतरालाच मूळ समजणें होय.

(१०) हिंदुस्थानाशीं खरा संबंध

खरे संबंध मोजके आहेत. इ. स. पूर्वीं ३२५ मध्यें सिकंदराचा नौकाधिपति नेआर्कस मकराणच्या किनाऱ्यानें जात असतां समुद्रांतून पाण्याचे फवारे उडालेले दिसले. ते केतोसांचे, असें वाटाड्यांनीं सांगतांच वल्हेकऱ्यांच्या हातांतून वल्हीं गळलीं. नेआर्कसानें जहाजें युद्धाप्रमाणें ओळींत लावून, रणशिंगें फुंकून व आरडाओरड करून त्यांच्यावर चाल केली, आणि जनावरें बुडी मारून गेलीं. हें वर्णन एरियनानें जतन केलें आहे. त्या किनाऱ्यावरील श्रीमंत लोक ह्याच प्राण्यांच्या हाडांच्या तुळया व जबड्यांचीं दारें करीत, असेंहि तो लिहितो. पर्सियसाच्या कथेंतील शब्द येथें प्रत्यक्ष देवमाशास लागला आहे. लेखक तोच शब्द वापरतो, पण राक्षस मानीत नाहीं.

दुसरा संबंध शिल्पाचा. गांधार देशांतील दगडी तबकड्यांवर केतोसावर बसलेल्या सागरकन्या कोरलेल्या आढळतात. तेथील शिल्पकारांच्या हातीं केतोस व आपला मकर यांची जवळीक कशी झाली, याचें विवेचन जॉन बोर्डमन यांनीं १९८७ मध्यें केलें आहे. तिसरा संबंध महाराष्ट्रांतला: कोल्हापूर येथील ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सांपडलेली पोसायडनची लहान ब्राँझची मूर्ति. ज्या देवानें केतोस पाठविला त्याची मूर्ति पंचगंगेच्या कांठापर्यंत आली खरी. पण तिच्याबरोबर कथा आली होती काय, हें मूर्ति सांगत नाहीं. तिच्यावरून रोमन व्यापार सिद्ध होतो, तेवढेंच मानावें.

(११) निष्कर्ष

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा. केतोस हा आरंभीं कोणत्याहि मोठ्या जलचराचा वाचक शब्द. कथेनें त्याचा राक्षस केला, चित्रकारांनीं त्याला रूप दिलें, योप्पेच्या लोकांनीं स्थळ दिलें, व किनाऱ्यास लागलेल्या देवमाशानें हाडें दिलीं. हे चार धागे निरनिराळ्या काळीं सुटे निघाले व इ. स. पूर्व पहिल्या शतकापर्यंत एका ठिकाणीं गुंफले गेले. स्कॉरसाचीं हाडें हाडें म्हणून खरीं होतीं. केतोसाचीं म्हणून खरीं नव्हतीं. अशा वस्तूस खोटी ठरवून टाकून देणें जितकें चूक, तितकेंच तिच्या चिठ्ठीवरचा मजकूर जसाच्या तसा स्वीकारणें चूक. जुनी चिठ्ठी फाडूं नये. वस्तूचीं मापें, सांपडल्याचें स्थळ व आणणाराचें नांव तिच्याशेजारीं निराळें लिहावें. योप्पेच्या हाडांचीं मापें प्लिनीनें लिहून ठेविलीं नसतीं, तर एकोणीसशें वर्षांनंतर त्यांच्याविषयीं दोन शब्द बोलण्यास आपणांस कांहींच आधार राहिला नसता.